तेल खाली सापडतं



अल्मेरेजवळ आमचा एक बागसंघ आहे. भाड्याने घेतलेले भाजीचे छोटे वाफे; इकडे त्याला 'फोल्क्सटाउन' म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. संघाकडे गवत कापायचा एक जुना ट्रॅक्टर आहे. एप्रिलमध्ये त्याच्याखाली तेलाचे डाग दिसू लागले. शेजारीच पाण्याचा चर, पाऊस आला की तवंग सरळ तिकडे जाणार. बैठकीत पहिला प्रश्न निघाला, "शेवटी कोणी चालवला होता?" चालवला होता एका नव्या सीरियन सभासदाने. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मीसुद्धा.

मी यंत्र अभियांत्रिकीत एम.टेक., पोटासाठी सॉफ्टवेअर करतो. दुरुस्ती अंगावर घेतली. डाग तळाच्या ड्रेन बोल्टखाली होता, म्हणून बोल्ट आवळला. गळती तशीच. मग इंजिन धुऊन कोरडं केलं, वरून टाल्कम पावडर भुरभुरली आणि दहा मिनिटं चालू ठेवलं. पावडरीवर ओली रेघ उमटली ती पार वरून, व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटपासून. तिथून ओघळून तेल बोल्टपाशी जमत होतं, एवढंच. गॅस्केट बदललं. दोन आठवड्यांनी क्रँकशाफ्टचं सील गळू लागलं.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. जळलेला थोडा वायू पिस्टनच्या कडेने खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. तो बाहेर सोडायला ब्रीदर असतो. आमचा ब्रीदर चिकट काजळीने तुंबला होता. आत दाब वाढत होता आणि जो सांधा सर्वांत कमजोर, तिथून तेल बाहेर ढकलत होता.

मज्झिम निकायातलं दुसरं सुत्त सब्बासव सुत्त. पालीतल्या 'आसव' शब्दात वाहण्याचा, पाझरण्याचा अर्थ आहे (आपल्याला मराठीत द्राक्षासवच आठवतं). आसव दूर करायच्या सात वाटा तिथे सांगितल्या आहेत. पहिली 'दस्सना', म्हणजे नीट पाहणं. मी मात्र पान्ह्यापासून सुरुवात केली होती.

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात जातींवरचा निबंध वाचला, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. त्याच्या इंग्रजी शीर्षकातच 'मेकॅनिझम' हा शब्द आहे. एका वरच्या वर्गाने आधी स्वतःला कोंडून घेतलं आणि अनुकरणाने ते लोण खाली उतरलं, अशी त्यांची मांडणी. म्हणजे डाग खाली दिसत होता, पण शोध त्यांनी वर घेतला.

हे आपल्याला पाठ आहे. जातीचा प्रश्न आला की आपण बरोबर वर बोट दाखवतो. पण आपण स्वतः कुणाच्या तरी वर बसलेले असतो, तेव्हा?

दोन वर्षांपूर्वी आमच्या टीमची एक रिलीज फसली. मूळ कारणाचा अहवाल मी लिहिला. त्यात कारण म्हणून एक चुकलेली चाचणी नोंदवली. नाव लिहिलं नाही, पण ती चाचणी कुणाची हे सगळ्यांना माहीत होतं. टीममधली सर्वांत नवी मुलगी. तिची चूक नव्हती असं मी म्हणत नाही. ते सीलही जुनं होऊन कडक झालंच होतं. पण चाचणीचे दहा दिवस कापून चार मीच केले होते. "वेळ पुरणार नाही," असं तिने मेलमध्ये लिहिलं होतं. मी ती मेल वाचली होती आणि उत्तर दिलं नव्हतं. अहवालात यातलं काहीच नाही.

आता ब्रीदर साफ आहे, सील नवं आहे, ट्रॅक्टरखाली ठेवलेला पुठ्ठा कोरडा राहतो. शनिवारी तो सीरियन गृहस्थच गवत कापतो. त्या बैठकीबद्दल त्याच्याशी कुणीच बोललेलं नाही. त्याला मी येत्या शनिवारी भेटणार आहे.

जुना अहवाल बदलता येत नाही, पण त्याखाली शेरा जोडता येतो. तो मी काल रात्री जोडला. तिने मधल्या काळात नोकरी बदलली आहे. फोन नंबर माझ्याकडे आहे, पण अजून लावलेला नाही.