पाखरांचे बिऱ्हाड

शास्त्रपाठ : स्तोत्रसंहिता 84:1-4, मत्तय 8:18-20, लूक 12:6-7



84 वे स्तोत्र कोरहाच्या पुत्रांचे आहे. परमेश्वराच्या निवासस्थानाच्या दारांवर पहारा करणे हे या घराण्याचे काम होते (1 इतिहास 9:19). दाराशी रोज उभ्या राहणाऱ्या माणसाची दृष्टी या स्तोत्रात आहे. वेदीजवळच्या भिंतीत पाखरे राहत आहेत हे त्यानेच पाहिले. चिमणीला जे मिळाले त्याला मूळ इब्री भाषेत ‘बाइथ’ म्हणजे घर म्हटले आहे, आणि पाकोळीला मिळाले ते ‘केन’ म्हणजे पिल्लांसाठी घरटे. एकाच वचनात हे दोन वेगळे शब्द आले आहेत, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही.

मत्तयाच्या 8 व्या अध्यायात तर याहून नवल आहे. खोकडांना बिळे आहेत, पाखरांना आसरा आहे, परंतु मनुष्याच्या पुत्राला डोके टेकण्यास जागा नाही, असे प्रभू एका शास्त्र्याला सांगतो. अनेक भाषांतरांत येथे ‘घरटी’ हा शब्द दिसतो. परंतु घरट्यासाठी ग्रीक भाषेत ‘नोसिया’ हा शब्द असताना येथे ‘काटास्केनोसिस’ हा शब्द योजला आहे. त्याच्या मुळाशी ‘स्केने’ म्हणजे तंबू आहे. मुक्कामाची जागा, राहुटी, आपल्या बोलीत सांगायचे तर बिऱ्हाड! बहुतेक पाखरे घरटे बांधतात ते अंडी-पिल्लांपुरते. रात्रीचा आसरा मात्र त्यांना बाराही महिने लागतो. प्रभू बोलला तो या रोजच्या आसऱ्याविषयी.

प्रियजनहो, हा भेद केवळ भाषांतरकाराचा छंद नव्हे. हंगामापुरती दया आणि वर्षभराची दया यांतील अंतर त्यात दडले आहे.

नाशिकचे मोहम्मद दिलावर आणि त्यांची नेचर फॉरएव्हर सोसायटी यांच्या पुढाकाराने 20 मार्च 2010 रोजी पहिला जागतिक चिमणी दिन पाळण्यात आला. तेव्हापासून अनेक घरांच्या ओसरीवर लाकडी घरटी लागली, हे चांगलेच झाले. देशातील पक्ष्यांविषयी 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार चिमण्यांची संख्या देशभरात साधारण स्थिर आहे. मात्र मुंबईसह मोठ्या शहरांत ती घटली आहे. कौलारू घराच्या वाशांत आणि भिंतीवरच्या तसबिरीमागे चिमणीला जागा असे; सिमेंटच्या सपाट छताखाली ती उरत नाही.

आता छत्तीसगडातील नंदिनी नगर डोळ्यांसमोर आणा. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 साली सुरू झाली. तिला लागणारी चुनखडी पुरवणाऱ्या खाणीच्या आधाराने ही वसाहत वाढली. जेथील दगड काढून झाला, तेथील पडीक जमिनीवर अलीकडच्या वर्षांत मानवनिर्मित वन उभे करण्यात आले आहे. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दयाळ, साळुंकी, पिंगळा हे पक्षी झाडांच्या ढोलीत किंवा भिंतींच्या भोकांत राहतात, आणि रोपाच्या कोवळ्या खोडात ढोली नसते. ती तयार होण्यास झाड जुने व्हावे लागते. तोवरची वर्षे पाखरांनी कोठे काढावी? अशा ठिकाणी अंगणातली लाकडी पेटी हा त्यांचा मधला आसरा होतो.

परंतु पेटी टांगली म्हणजे कर्तव्य संपले असे नाही. चिमणीसाठी सुमारे 32 मिलिमीटर व्यासाचे भोक पुरते. दयाळ-साळुंकीला मोठे लागते. पेटी लाकडाचीच असावी, कारण पारा 44-45 अंशांवर गेला की पत्रा पिल्लांना भाजून काढतो. तोंड दुपारच्या उन्हाकडे नसावे, छताचा पंखा दूर असावा, तळाला पाणी निथळण्यास छिद्रे असावीत. भोकाखाली दांडी लावू नये. तिचा उपयोग शत्रूलाच होतो. चिमणी वर्षातून एकाहून अधिक वेळा पिल्ले वाढवते. पेटीत अंडी वा पिल्ले नाहीत याची खात्री झाल्यावरच जुने गवत काढावे आणि आत उकळते पाणी फिरवावे, म्हणजे पिसवा-गोचीड मरतात. कीटकनाशक वापरू नये. पेटी पूर्ण वाळल्यावर पुन्हा टांगावी. पावसाळ्यापूर्वी खिळे तपासावे. थंडीत पेटी उतरवू नये. रात्री तिच्यात कोणी निजलेले असते.

उत्पत्ती 2:15 मध्ये मनुष्याला बागेत ठेवले ते मशागत करण्यासाठी आणि राखण्यासाठी. राखण्यासाठीचा इब्री शब्द ‘शामर’. 121 व्या स्तोत्रात न झोपणारा परमेश्वर आपल्याला राखतो, तेथेही हाच शब्द आहे. लावणारे हात पुष्कळ असतात, राखणारे थोडे. लूक सांगतो की चिमण्या दोन नाण्यांना पाच मिळत. मत्तयात एका नाण्याला दोन आहेत. म्हणजे पाचवी फुकट घातलेली, बाजारात जिला मोलच नाही अशी. देवाला तिचाही विसर पडत नाही. विसर न पडणे हेच राखणे होय.

कारखान्याच्या वसाहतीत राहणाऱ्यांना बिऱ्हाड म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. निवृत्तीनंतर क्वार्टरची किल्ली परत द्यायची असते. अंगणातला आंबा, जास्वंद मागे राहते. टांगलेली पेटीही मागे राहते. मग ती कोणी पाहायची? जाणाऱ्याने ती शेजाऱ्याच्या स्वाधीन करून, कधी साफ करायची हे सांगून जावे. आपले नसलेले घर आपण दुसऱ्यासाठी राखले, हीच आपली साक्ष.

वाचकहो, आपल्या मंडळीकडेही याच दृष्टीने पाहा. नाताळात नव्या कुटुंबाचे स्वागत होते, हार घातले जातात, टाळ्या होतात. जूनमध्ये त्या कुटुंबातील माणूस आजारी पडला तर कोणाला कळते? किल्ली परत केलेला वृद्ध आता कोणाच्या खोलीत राहतो, उपासनेला का येत नाही, हे कोणी विचारले आहे काय? एका दिवसाचे स्वागत म्हणजे रिकामी टांगलेली पेटी. तिच्यात कोणी राहू शकते की नाही हे वर्षभराच्या राखणीने ठरते.

योहान 1:14 मध्ये शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली, असे सांगताना त्याच ‘स्केने’ शब्दाचे क्रियापद आले आहे. ज्याला डोके टेकण्यास जागा नव्हती, त्याने आपल्यामध्ये बिऱ्हाड केले. त्याचे शिष्य म्हणवणाऱ्यांच्या दाराशी पाखराला आणि बेघराला बाराही महिने जागा असावी, एवढे तरी आपण करू या.

हे प्रभो, जे आमच्या हाती सोपवले आहेस ते राखण्याचे चिकाटीचे प्रेम आम्हांला दे. आमेन.