सुधारलेला आणि सुटलेला

तुरुंगातून बाहेर पडून आयुष्य नव्याने उभे करणाऱ्यांवरचा माहितीपट संपला, की त्यानंतरच्या चर्चेत एक सूचना हमखास येते : हा प्रत्येक महाविद्यालयात दाखवला पाहिजे. त्यामागचा तर्कही ठरलेला. माणूस बदलतो हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले, की सुटून आलेल्यांना ते आपले म्हणतील. यातला सद्भाव मला मान्य आहे. पण हा तर्क दिसतो तितका निरुपद्रवी नाही.

कैद्यांचे चोचले नकोत म्हणणाऱ्यांशी इथे वाद घालण्याचे कारण नाही. त्यांना असले माहितीपटच नको असतात. तुरुंगच नकोत म्हणणाऱ्यांचे स्वप्न मोठे आहे, पण आज सुटलेल्या माणसाने रात्री कुठे झोपायचे याचे उत्तर त्यात नाही. माझे भांडण आहे ते माणूस आतून बदलला की समाज त्याला स्वीकारेल असे मानणाऱ्या हृदयपरिवर्तनवाद्यांशी, कारण ते माझ्याच बाजूचे आहेत.

ही हृदयपरिवर्तनाची कल्पना आपल्याकडे गांधीयुगापासून मुरलेली आहे आणि तिचे सर्वांत लाडके रूप म्हणजे व्ही. शांतारामांचा 1957 चा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट. त्याची प्रेरणा होती औंध संस्थानात आटपाडीजवळ वसवलेली स्वतंत्रपूरची खुली वसाहत. त्या वसाहतीत कैदी कुटुंबासह राहत आणि शेती करत. म्हणजे प्रयोगाचा पाया होता जमीन, बायकामुले आणि रोजचे काम. पडद्यावर येताना केंद्रस्थान मिळाले ते सहा कैद्यांना सुधारणाऱ्या जेलरच्या डोळ्यांना. तरीही गदिमांनी लिहिलेल्या त्या चित्रपटाच्या कथेत एक प्रसंग असा आहे की नंतरच्या कित्येक माहितीपटांना तो सुचलेला नाही. कैदी भाजी घेऊन बाजारात जातात, स्वस्तात विकतात आणि व्यापाऱ्यांच्या माणसांकडून मार खातात. ते सहाही जण तोवर बदललेले असतात. बाजार बदललेला नसतो.

पुढे 1997 मध्ये दोन इस्रायली दिग्दर्शिकांनी 'डुइंग टाइम, डुइंग विपश्यना' हा माहितीपट केला. तिहार तुरुंगात किरण बेदींच्या कारकिर्दीत, 1994 साली, हजाराहून अधिक कैद्यांसाठी झालेले गोएंका गुरुजींच्या परंपरेतले विपश्यना शिबिर हा त्याचा गाभा. माहितीपट प्रामाणिक आहे. ध्यानाने त्या माणसांना काही मिळाले असेल यावर शंका घेण्याचे मला कारण नाही. पण या जातीच्या माहितीपटांचा प्रश्न एकच असतो : हा आतून बदलला का? एकदा हा प्रश्न मान्य केला, की प्रेक्षक नकळत परीक्षकाच्या खुर्चीत बसतो.

आणि परीक्षा म्हटली की नापास होणारे आलेच. ज्याला रडता येत नाही, जो शिबिराला बसला नाही, ज्याने वारली चित्रे काढली नाहीत की मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली नाही, जो आत गेला तसाच चिडका आणि अबोल बाहेर आला, त्याचे काय? त्याचीही शिक्षा भोगून झाली आहे. न्यायाधीशाने सात वर्षे सांगितली, त्याने ती काढली. आता आठव्या वर्षी घरमालक, मुकादम आणि माहितीपटाचा प्रेक्षक त्याच्याकडे पश्चात्तापाचा पुरावा मागतात. ही निकालपत्रात नसलेली शिक्षा आहे.

यावर असे म्हणतात की, निदान काहींबद्दल सहानुभूती निर्माण झाली तरी पुष्कळ. हळूहळू ती सर्वांपर्यंत पोचेल. मला हे पटत नाही. सहानुभूती अपवादाला मिळते आणि अपवाद म्हणूनच मिळते. 'तो बाकीच्यांसारखा नाही' या वाक्यात बाकीच्यांवरचा निकाल आधीच लागलेला असतो. शिवाय हा अपवाद निवडतो कोण? आत कॅमेरा न्यायचा तर तुरुंग खात्याची परवानगी लागते. तुरुंगातल्या मुलाखतीवरून उठलेल्या 'इंडियाज डॉटर' या माहितीपटाच्या वादानंतर 2015 मध्ये केंद्राने राज्यांना दिलेल्या सूचनांनी तर ही वाट आणखी अरुंद केली. किल्ली ज्याच्या हाती, त्याच्या सोयीचीच गोष्ट सांगितली जाते, मग दिग्दर्शक कितीही सचोटीचा असो. अमेरिकी दिग्दर्शक फ्रेडरिक वाइजमनने 1967 मध्ये 'टिटिकट फॉलीज' या माहितीपटात कैद्यांच्या अंतःकरणाऐवजी संस्थेकडे कॅमेरा वळवला, तर मॅसॅच्युसेट्समध्ये तो 1991 पर्यंत सर्वसाधारण प्रेक्षकांना दाखवता आला नाही. सुधारलेल्या कैद्यावरच्या माहितीपटावर अशी बंदी आल्याचे मी ऐकलेले नाही.

त्यातून एक ढोबळ वस्तुस्थिती आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या आकडेवारीनुसार देशातल्या 5,73,220 बंद्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी होते, म्हणजे दर चारांत तीन. त्यांच्यावर गुन्हा सिद्धच झालेला नव्हता. त्यांनी कशाचा पश्चात्ताप करायचा? तीन वर्षे बराकीत काढून निर्दोष सुटलेल्याची नोकरी गेलेली असते, खोली गेलेली असते, वकिलापायी बायकोचे दागिने गेलेले असतात. हृदयपरिवर्तनाच्या गोष्टीत त्याला भूमिकाच नाही. पारध्यांच्या पोराला तर 'समाजात परत ये' हे म्हणणेही विचित्र वाटेल. 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि 1952 मध्ये तो शिक्का पुसल्यानंतरही पोलिसांनी ज्यांचा पाठलाग सोडला नाही, त्यांना समाजाने आत घेतले होते कधी?

पीडितांचे काय, हा प्रश्न रास्त आहे. ज्याच्या घरातला माणूस मारला गेला, त्याला गुन्हेगाराच्या डोळ्यांत पश्चात्ताप पाहण्याची इच्छा असणे स्वाभाविक आहे, आणि तो मागण्याचा नैतिक अधिकार त्याचाच आहे. तो अधिकार सोसायटीच्या सचिवाकडे कसा गेला? काही निर्बंध शिक्षेनंतरही राहावेत हेही मला मान्य आहे. मुलांवर अत्याचार करणाऱ्याला शाळेत नोकरी देऊ नये. पण असे निर्बंध गुन्ह्याशी जोडलेले, कायद्यात लिहिलेले आणि एरवी मुदतीचे असावेत. आज बहुतेकांच्या वाट्याला येतो तो निर्बंध अलिखित आणि आजन्म असतो.

शिक्षेचा डाग कधीतरी पुसला जावा हा विचार कायद्याला परका नाही. 1958 च्या परिविक्षा (प्रोबेशन) कायद्याच्या कलम 12 नुसार, तुरुंगाऐवजी परिविक्षेवर सोडलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. अल्पवयीनांसाठी 2015 च्या बाल न्याय कायद्यात तशीच तरतूद आहे. ब्रिटनने 1974 मध्येच ठरवले, की ठराविक वर्षे उलटल्यावर बऱ्याच जुन्या शिक्षा 'संपलेल्या' मानायच्या आणि सामान्यतः नोकरी मागताना त्या सांगण्याची सक्ती नाही. आपल्याकडे शिक्षा भोगून आलेल्या प्रौढासाठी असा सर्वसाधारण कायदा नाही. चारित्र्य पडताळणीचा अर्ज आयुष्यभर त्याच्या मागे लागलेला असतो. या अर्जावर कोणी माहितीपट काढत नाही, कारण अर्ज रडत नाही.

म्हणून मी सुधारलेला आणि सुटलेला यांत भेद करतो, आणि सगळा वाद तिथेच आणून ठेवतो. सुधारणे ही त्या माणसाची गोष्ट आहे. सुटणे ही आपली. सुधारला असेल तर त्याचा आनंद मानू, कौतुकही करू. पण परतण्याचा हक्क कौतुकावर टेकवला, की तो बक्षीस होतो, आणि बक्षीस थोड्यांनाच मिळते. मला पाहायचा आहे तो माहितीपट एका मुळीच न सुधारलेल्या माणसाचा आहे : तापट, कामचुकार, आपल्या गुन्ह्याबद्दल सबबी सांगणारा. शेवटपर्यंत तो तसाच राहावा, आणि तरीही त्याला खोली मिळावी. ते पाहून प्रेक्षक अस्वस्थ होतील. होऊ देत. शिक्षा संपली या निकालावर आपला खरोखर विश्वास आहे का, हे त्या अस्वस्थतेतच कळेल.