धरणीच्या उपकाराची अट



जबलपूर शहरातील गोहलपूर ही वस्ती समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंचीवर आहे. तेथून कोणत्याही दिशेने निघाले तरी समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तेथील एखाद्या मराठी कुटुंबाने 'ध्रुवावरचे बर्फ वितळते, त्याचे आम्हांला काय?' असे विचारले, तर त्यांना निष्ठुर म्हणता येणार नाही. प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु स्वाभाविक प्रश्न निर्दोष असतोच असे नाही. म्हणून तो आज नीट तपासून पाहू.

जबलपूरचा मुलूख गोंडांचा, राणी दुर्गावतीच्या राज्याचा. गोंडांच्या या प्रदेशावरूनच भूशास्त्रज्ञांनी एका प्राचीन महाखंडाला 'गोंडवन' हे नाव दिले. त्या महाखंडात भारत आणि अंटार्क्टिका एकमेकांना लागून होते. सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी त्यांची ताटातूट झाली. आज बर्फाखाली गाडलेला तो प्रदेश एके काळी आपला शेजारी होता. भारतातील जवळजवळ सर्व दगडी कोळसा त्या गोंडवन काळातील खडकांतून निघतो आणि आपल्या विजेचा मोठा भाग आजही त्याच कोळशावर तयार होतो. त्याचा वायू आकाशात जातो, हवा तापते आणि जुन्या शेजाऱ्याचे बर्फ वितळण्यास हातभार लागतो.

२२ मे १९९७ रोजी मध्यरात्रीनंतर भूकंपाने जबलपूर हादरले, तेव्हा पायाखालची जमीन अचल नाही, हे या शहराने अनुभवले. ती हालचाल क्षणाची होती. जमिनीची दुसरी एक हालचाल अत्यंत संथ असते. भूकवचाखाली प्रावरण नावाचा खडकाचा जाड थर आहे. तो घन असला तरी दीर्घ काळात थंड डांबराप्रमाणे सरकतो. बर्फाच्या भाराने जमीन खचते. भार उतरला की सावकाश वर येते. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी हिमयुग भरात असताना समुद्र आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होता. ते बर्फ वितळून हजारो वर्षे लोटली, तरी स्वीडन व फिनलंड यांमधील किनारा अजून वर्षाला जवळजवळ एक सेंटिमीटर वर येत आहे. समुद्र किती उतरतो हे पाहण्यासाठी १७३१ साली सेल्सिअस या शास्त्रज्ञाने स्वीडनच्या किनाऱ्यावर एका खडकावर खूण कोरली होती. वस्तुतः पाणी उतरत नव्हते, जमीन उठत होती.

आता समुद्राकडे पाहू. प्रचंड हिमराशी आपल्या गुरुत्वाकर्षणाने समुद्राचे पाणी स्वतःकडे ओढून धरते. ती वितळली की पकड सैल होते. जवळचा समुद्र उतरतो आणि दूरचा सरासरीहून अधिक चढतो. म्हणजे अंटार्क्टिकाचे बर्फ गेल्याचा भुर्दंड अंटार्क्टिकाला नव्हे, तर हिंदी महासागराच्या काठावरील माणसांना पडणार. वसईच्या किनाऱ्यावरील कोळ्याने ते बर्फ कधी पाहिलेही नाही.

या हिशेबात एक उपकारही आहे. पश्चिम अंटार्क्टिकातील काही भागांत प्रावरण तुलनेने मऊ आहे. तेथील जमीन वर्षाला सुमारे चार सेंटिमीटर उचलली जात असल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झाले. तळ उचलला की तेथले पाणी उथळ होते, बर्फाला टेकण्यास आधार मिळतो आणि त्याचे मागे हटणे मंदावते. २०२४ साली नताल्या गोमेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, आपण वायूंचे उत्सर्जन कमी केले तर या उचलीमुळे समुद्रवाढीतील अंटार्क्टिकाचा वाटा ४० टक्क्यांपर्यंत घटू शकेल. पण उत्सर्जन भरमसाट राहिले, तर बर्फ जमिनीच्या उचलीहून वेगाने मागे हटेल आणि उठणारा तळ पाणी बाहेर ढकलून समुद्र अधिकच वाढवील. तीच धरणी, तेच प्रावरण. एका वागणुकीने तारक, दुसरीने मारक.

वाचकहो, खरा प्रश्न येथे आहे. क्षमा मिळणार म्हणून अपराध करीत राहावे काय? हा प्रश्न आपल्या मंडळ्यांना नवा नाही आणि त्याचे उत्तरही आपण जाणतो. धरणी आपल्याला सावरू पाहते. पण तिची गती तिची आहे. आपण थांबलो तरच ती आपल्याला गाठू शकेल.

कोणी म्हणेल, 'गोहलपुरातील दोन खोल्यांच्या घराने वीज ती किती जाळली? श्रीमंत देशांना आधी विचारा.' हा आक्षेप न्याय्य आहे. ज्याने अधिक जाळले त्याने अधिक भार उचलावा. दोन दिव्यांच्या घराला आणि दहा वातानुकूलित दालनांना एकच उपदेश करणे हा अन्याय होईल. परंतु वाटा लहान असणे म्हणजे वाटा नसणे नव्हे. आणि आपल्यातील पुष्कळांचा वाटा आता लहान राहिलेलाही नाही. दुसऱ्याचे मोठे ऋण दाखवून आपले ऋण फिटत नाही.

शेजारी कोण, हे अंतरावरून ठरत नाही. ज्याच्या घरात आपल्या कृतीचे पाणी शिरते, तो आपला शेजारी. डोंगरावर राहणाऱ्याला समुद्राचे भय नसेल. म्हणूनच समुद्रकाठच्या माणसासाठी त्याने हात आखडला, तर ते भयापोटी नव्हे, प्रीतीपोटी असेल. अशी संधी उंचावर राहणाऱ्यालाच मिळते. ती आपण घेणार आहोत काय?