चांदी समजून

परभणीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तस्करी, सीमा, राष्ट्राची सुरक्षितता हे विषय आपल्याकडे वर्तमानपत्रातून येतात आणि रद्दीबरोबर जातात. तरीही कोकणातल्या एका फाट्यावर झालेला व्यवहार आपण नीट समजून घ्यावा, असे मला वाटते.

1993 च्या जानेवारीत रायगड जिल्ह्यातील दिघी येथे रात्री चोरटा माल उतरला. गोंडघर फाट्यावर पोलिसांनी तो अडवला. मग घासाघीस झाली. पुरेशी रोकड हाताशी नव्हती, म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवून घेण्यात आल्या आणि वाहने पुढे गेली. फेब्रुवारीत श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडीला आरडीएक्स उतरले. 12 मार्चला मुंबईत साखळी बॉम्बस्फोट झाले; 257 माणसे प्राणास मुकली. पुढे टाडा न्यायालयाने काही पोलिसांना आणि कस्टम अधिकाऱ्यांनाही दोषी ठरवले.

माल चांदीचा आहे असे समजून ज्याने वाट सोडली, त्याचा अपराध केवढा? बॉम्ब ठेवणाऱ्याइतका तो नव्हे, हे मान्य केले पाहिजे. पण अज्ञानाची ढाल त्याला वापरता येईल काय? तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी अज्ञानाचे प्रकार वेगळे केले. जे जाणून घेणे आपले कर्तव्य आहे, ते मुद्दाम जाणून न घेणे, हे अज्ञान माणसाला दोषमुक्त करीत नाही. फाट्यावरच्या माणसाचे कामच मुळी पाहण्याचे होते. त्याने पैसे घेतले ते न पाहण्याचे.

शिवाय ती वाट स्फोटकांसाठी तयार झालेली नव्हती. दुबईचे सोने-चांदी वर्षानुवर्षे त्याच किनाऱ्यांवर उतरत होते आणि त्यात कोणाचे फारसे बिघडते असे कोणालाच वाटत नव्हते. (स्मगलरला नायक करणारे चित्रपट आपणही हौसेने पाहिलेच की!) चांदीला सरावलेल्या वाटेने आरडीएक्स आले.

आता तर किनाराही लागत नाही. 2016 मध्ये परभणीतील काही तरुणांना इसिसशी संबंध असल्याच्या आरोपावरून दहशतवादविरोधी पथकाने अटक केली; 2022 मध्ये त्यांतील दोघांना विशेष न्यायालयाने शिक्षा सुनावली. त्यांचा संपर्क सीरियातील सूत्रधाराशी इंटरनेटवरून होता, असे तपास यंत्रणांचे म्हणणे. सीमा अशी खिशातल्या फोनपर्यंत येते, तेव्हा फाट्यावर कोण उभा असतो? दुसऱ्याच्या कागदपत्रांवर शंभर-दोनशे रुपये जास्त घेऊन सिमकार्ड देणारा दुकानदारही असतो. एवढ्याने काय होते, असे तो म्हणतो. आणि कार्ड कोणाला हवे आहे, हे तो विचारत नाही.