दाखवणाराच मालक झाला, तर?

हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ७ ऑक्टोबर २०२३ रोजी पुरुष कबड्डीच्या अंतिम फेरीत भारत आणि इराण २८-२८ असे बरोबरीत होते. शेवटचे मिनिट चालू होते. पवन सेहरावत चढाईला गेला आणि कोणालाही स्पर्श न करता लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्यात, शिरला. त्याला धरण्यासाठी इराणचे बचावपटूही मागोमाग शिरले. आता बाद कोण? एका नियमाप्रमाणे फक्त चढाईपटू, दुसऱ्या नियमाप्रमाणे त्याच्यामागे गेलेले बचावपटूसुद्धा. पंचांचे निर्णय फिरत राहिले, खेळाडू मॅटवरच बसले आणि सामना जवळजवळ तासभर ठप्प झाला. अखेर भारताने तो ३३-२९ असा जिंकला आणि आपल्याकडे सुवर्णपदकाच्या आनंदात तो तास विसरला गेला. विसरायला नको होता. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पुस्तकातला नियम आणि प्रो कबड्डी लीगमध्ये रुळलेला नियम असा तो वाद होता. कबड्डीचे नियम पहिल्यांदा १९१८ च्या सुमारास महाराष्ट्रात बांधले गेले आणि १९२३ मध्ये बडोद्यात छापले गेले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिनला या खेळाचे प्रात्यक्षिक दाखवले. म्हणजे नियम कोणी करायचे, खेळ कोणी मिरवायचा, हे व्यायामशाळा आणि मंडळे ठरवत होती. शंभर वर्षांनी एका वाहिनीच्या मालकीची स्पर्धा इतकी वजनदार झाली, की तिचा नियम आणि खेळाचा नियम यांतले अंतर खुद्द आशियाई अंतिम सामन्यात उघडे पडले.

माध्यमांनी खेळ बिघडवला, ही तक्रार आपल्याकडे जुनी आहे. फार पैसा आला, फार झगमगाट आला, फार गोंगाट झाला, असे तिचे स्वरूप असते. मला ती तक्रार चुकीच्या दाराशी उभी वाटते. पैशाने कबड्डीचे किंवा क्रिकेटचे वाईट झाले असे पुराव्याने दाखवणे अवघड आहे. प्रश्न माध्यमाच्या जागेचा आहे. खेळ दाखवण्याचा हक्क विकत घेणारे माध्यम हे गिऱ्हाईक असते, आणि गिऱ्हाईक कितीही श्रीमंत असले तरी दुकान त्याचे होत नाही. तेच माध्यम स्पर्धेचे मालक झाले, तिच्या प्रसिद्धीचे साधन झाले आणि तिचा एकमेव उत्पन्नस्रोतही झाले, की त्या खेळाचे भवितव्य अशा ताळेबंदावर लिहिले जाते जो खेळाडूला, संघटनेला, प्रेक्षकाला कधी दिसत नाही.

खेळाला आश्रय देणारा निरपेक्ष असतो, असे मात्र कधीच नव्हते. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे केले, त्यात कुस्तीवरचे प्रेम होते तसे संस्थानाचे नावही होते. मुंबई-ठाणे-कोकणातल्या कबड्डी स्पर्धांचे चषक कुणा ना कुणा नेत्याच्या नावाचे असतात आणि मैदानाभोवतीच्या फलकांवर चढाईपटूपेक्षा आमदाराचा चेहरा मोठा असतो. महिंद्र, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, देना बँक यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या, तेव्हा त्यांनाही आपले नाव गाजायला हवेच होते. फरक असा की हे आश्रयदाते अनेक होते. एकाने हात आखडला तर दुसऱ्याचा दरवाजा ठोठावता येत असे, आणि चषकावर नाव घालणाऱ्याला चढाई किती सेकंदांची असावी याच्याशी देणेघेणे नव्हते.

प्रो कबड्डी २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत सुरू झाली. आनंद महिंद्र आणि चारू शर्मा यांच्या मशाल स्पोर्ट्सने ती उभी केली, स्टार समूहाने ती दाखवली. पहिल्याच मोसमात ती ४३ कोटींहून अधिक प्रेक्षकांपर्यंत पोचल्याचे आकडे आले; त्या वर्षी त्याहून पुढे फक्त आयपीएल होती. (असे आकडे जपूनच घ्यावेत, ते ज्यांच्या फायद्याचे, तेच ते आवर्जून सांगतात. तरी निम्मे धरले तरी थक्क करणारेच.) त्या मोसमातला सर्वांत महाग खेळाडू राकेश कुमार १२ लाख ८० हजारांना गेला होता. २०१८ मध्ये मोनू गोयतला १ कोटी ५१ लाख मिळाले आणि २०२३ मध्ये सेहरावतवर २ कोटी ६० लाखांची बोली लागली. ज्या खेळात राष्ट्रीय पातळीवर खेळूनही रेल्वेतली किंवा पोलिसातली नोकरी हेच शिखर मानले जाई, तिथे हे घडले. तीस सेकंदांची चढाई, दोन रिकाम्या चढायांनंतरची ‘डू ऑर डाय’ चढाई, तीन किंवा कमी बचावपटूंनी केलेल्या पकडीला जादा गुण, हे बदलही मला आवडतात. आघाडीवर असलेल्या संघाने वेळ काढत बसण्याला त्यांनी आळा घातला. दूरचित्रवाणीला रटाळपणा परवडत नाही, आणि या बाबतीत तिची गरज आणि खेळाची गरज एकच निघाली.

पण त्या गरजा नेहमीच एक निघत नाहीत. २०१५ मध्ये स्टारने मशाल स्पोर्ट्सचा ७४ टक्के हिस्सा घेतला. दाखवणारा मालक झाला. २०१६ मध्ये एकाच वर्षात दोन मोसम झाले, मग तो प्रयोग सोडून दिला. २०१७ मध्ये आठाचे बारा संघ झाले आणि पाच आठवड्यांची लीग तीन महिन्यांवर गेली. त्याच वर्षी विवोने पाच वर्षांसाठी ३०० कोटी देऊन शीर्षक प्रायोजकत्व घेतले. जास्त सामने म्हणजे जाहिरातींचा जास्त वेळ, हे गणित वाहिनीच्या बाजूने बिनचूक आहे. गुडघे आणि खांदे यांचा हिशेब त्यात कोणत्या रकान्यात येतो, ते कळत नाही. याहून बोलके उदाहरण मुलींचे आहे. २०१६ च्या जून-जुलैमध्ये पुरुषांच्या लीगच्या जोडीने महिलांची कबड्डी चॅलेंज झाली. फायर बर्ड्स, आइस दिवाज, स्टॉर्म क्वीन्स असे तीन संघ होते आणि अंतिम सामना एका गुणाने, २४-२३ असा सुटला. एवढी चुरस होऊनही पुढच्या वर्षी ती स्पर्धा झाली नाही, आणि त्यानंतरही त्या रूपात परतली नाही. का, हे कोणत्याही संघटनेच्या सभेत ठरले नाही. महाराष्ट्रातल्या किती मुलींनी त्या पडद्यावर स्वतःला पाहिले असेल याचा ताळेबंद कोणी ठेवत नाही. स्पर्धा संघटनेची असती तर निदान जाब विचारायला एक दार असते. वाहिनीने एखादी मालिका बंद केली तर तिला कारण विचारण्याची पद्धत नाही, आणि इथे स्पर्धा आणि मालिका यांत फरक उरला नव्हता.

फुटबॉलमध्ये हेच जास्त कठोरपणे दिसले, आणि त्याची झळ गोव्याला बसली. २००६-०७ ते २०१२-१३ या सलग सात मोसमांत देशाचे अजिंक्यपद धेंपो, चर्चिल ब्रदर्स आणि साळगावकर या गोव्याच्या क्लबांनीच जिंकले. हे क्लब गोव्यातल्या उद्योगघराण्यांनी पोसले होते. त्यांचा खर्च प्रक्षेपणावर चालत नव्हता. २०१० मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने पंधरा वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांना आपले व्यापारी हक्क रिलायन्स आणि आयएमजी यांच्या कंपनीकडे सोपवले. २०१४ मध्ये त्यातून इंडियन सुपर लीग आली, आणि तिच्या मागेही स्टार होता. २०१६ मध्ये या नव्या लीगला देशाची पहिली लीग करण्याचा आराखडा पुढे आला, तेव्हा धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. मैदानावर जिंकून वर चढण्याची वाट बंद असेल आणि वरच्या जागा पैसे भरून मिळणार असतील, तर खेळायचे कशासाठी, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. पुढे २०२५ च्या जुलैमध्ये, मूळ करार संपत आल्यावर, चालक कंपनीने सुपर लीगचा मोसमच थांबवून ठेवला. क्लबांनी पगार रोखले, सराव बंद केले. महासंघाने नव्या निविदा काढल्या, तर मुदतीत एकही बोली आली नाही. पंधरा वर्षांत जुनी व्यवस्था मोडली होती आणि नवीचे चालक उठून गेले होते. गोव्यात फुटबॉलची आवड आटली होती असे कोणी म्हणणार नाही. आटला तो करार.

यावर पहिला आक्षेप क्रिकेटचा येतो. तिथे तर मंडळच माध्यमांना नाचवते, मग माध्यम मालक झाले हे कसे? आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर इतिहासात आहे. १९९३ पर्यंत सामने दाखवण्यासाठी क्रिकेट मंडळालाच दूरदर्शनला पैसे द्यावे लागत. त्या वर्षीच्या हीरो कपाचे प्रक्षेपण बंगालच्या संघटनेने परदेशी कंपनीला दिले, सरकारने अडवले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात न्या. पी. बी. सावंत यांनी प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे म्हटले. सरकारची मक्तेदारी गेली, मंडळाला बाजार खुला झाला, आणि त्या बाजारात सोनी, झी, स्टार, नंतर व्हायकॉम१८ असे अनेक खरेदीदार होते. २०२२ मध्ये आयपीएलच्या पाच वर्षांच्या हक्कांना ४८,३९० कोटी मिळाले. दूरचित्रवाणीचे हक्क स्टारकडे आणि डिजिटलचे व्हायकॉम१८कडे गेले. दोन तगडे प्रतिस्पर्धी समोरासमोर असल्याखेरीज हा आकडा दिसला नसता. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या दोघांचे विलीनीकरण झाले. स्पर्धा आयोगाने त्याला मंजुरी देताना क्रिकेटच्या जाहिरातींची जागा एकगठ्ठा विकायची नाही, अशी हमी घेतली. म्हणजे धोका आयोगालाही दिसला होता. आज आयपीएलचा प्रसारक आणि प्रो कबड्डीचा मालक एकाच छताखाली आहेत, आणि त्यामागच्या रिलायन्सच्या घराकडे मुंबई इंडियन्स हा संघ व वृत्तवाहिन्याही आहेत. कोणी गैर वागते असा माझा आरोप नाही. हितसंबंध असे एकत्र आले, की गैर न वागताही बातमी, समालोचन आणि जाहिरात यांच्यातल्या भिंती पातळ होतात, एवढेच माझे म्हणणे आहे.

भिंती कशा पातळ होतात ते आयपीएलच्या पहिल्या वर्षांनी दाखवून दिले. षटकाराचा ‘डीएलएफ मॅक्झिमम’ झाला, झेलाचा ‘कार्बन कमाल कॅच’, आणि समालोचक ती नावे वाक्यात गुंफून बोलू लागले. २००९ मध्ये डाव मध्येच साडेसात मिनिटे थांबवणारा ‘स्ट्रॅटेजिक टाइमआउट’ आला. डावपेच आखायला इतका वेळ कशाला, असा प्रश्न खेळाडूंनाही पडला. जाहिरातदारांना पडला नाही. नंतर त्याचे तुकडे करून तो पचनी पाडला गेला. या व्यवस्थेत प्रायोजक मात्र पाहुण्यासारखे येतात आणि जातात. २०२३ मध्ये भारतीय संघाच्या जर्सीवर ड्रीम११ आले. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला आणि काही दिवसांतच ते नाव गेले. आशिया चषकात संघ कोऱ्या जर्सीने उतरला. क्रिकेटला लगेच नवा प्रायोजक मिळाला, कारण ते क्रिकेट होते. हाच धक्का खो-खोला बसला असता तर?

दुसरा आक्षेप असा की प्रेक्षकाला जे हवे तेच वाहिनी दाखवते, आणि लोकशाहीत तेच बरोबर. पण २०१४ पूर्वी कबड्डी कोणाला ‘हवी’ होती? पडद्यावर आणली, चांगल्या वेळेला दाखवली, कॅमेरे खाली नेऊन पकडीचा थरार घरात पोचवला, तेव्हा मागणी निर्माण झाली. मागणी घडवण्याची एवढी ताकद ज्याच्याकडे आहे त्याने महिलांच्या स्पर्धेला प्रेक्षक नाही म्हणणे, हे स्वतःच्याच हातातल्या गोष्टीला नशीब म्हणण्यासारखे आहे. तिसरा आक्षेप केरी पॅकरचा. ऑस्ट्रेलियन मंडळाने प्रक्षेपण हक्क नाकारले म्हणून त्याने १९७७ मध्ये स्वतःचे क्रिकेट काढले. रंगीत कपडे, पांढरा चेंडू, प्रकाशझोतातले सामने आणि खेळाडूंना बरा मोबदला, हे सारे एका वाहिनीमालकाने दिले. मान्य. पण १९७९ मध्ये तडजोड झाली तेव्हा पॅकरने हक्क घेतले आणि स्पर्धा मंडळाकडे परत गेली. त्याच्यासमोर टक्कर देणारे मंडळ होते. आपल्या कबड्डी महासंघात मात्र एकाच कुटुंबाकडे दशकानुदशके सत्ता राहिली आणि २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला प्रशासक नेमावा लागला. समोरचा इतका दुबळा असेल, तर मालकी पडद्याकडे जाणे फारसे नवलाचे नाही. माध्यमाने खेळ बळकावला त्याहून खेळाच्या कारभाऱ्यांनी तो सोडून दिला, असे म्हणणे जास्त खरे ठरेल.

म्हणून नुसता ‘खेळ संघटनेकडे परत द्या’ असा आग्रह मी धरणार नाही. ज्या हातांतून तो निसटला, तेच हात पुन्हा पुढे येतील. पण स्पर्धेचे नाव, नियम आणि वेळापत्रक यांची मालकी विकायची नाही, फक्त दाखवण्याचा मुदतबंद हक्क विकायचा, आणि त्या कराराचा मजकूर जाहीर करायचा, एवढी अट सरकारी अनुदान आणि मान्यता घेणाऱ्या महासंघावर घालता येते. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावे लागते. कबड्डी, खो-खो आणि महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धा त्या यादीत आणायला नवा कायदा लागत नाही. आयपीएलचे सध्याचे हक्क २०२७ च्या मोसमाबरोबर संपतात. सोनी आहे, परदेशी कंपन्या आहेत, तरी २०२२ मध्ये एकमेकांवर चढ्या बोली लावणारे दोघे आता एकाच बाजूला बसतील. जगातले सर्वांत श्रीमंत क्रिकेट मंडळ त्या टेबलावर पहिल्यांदाच अशा गिऱ्हाईकासमोर असेल, ज्याच्याजवळ घासाघीस करायला भरपूर वेळ आहे.