सेनापतीचा स्वभाव कसा घडतो?

शास्त्रपाठ : २ शमुवेल ११:१-५, २ राजे ६:२०-२३

या पानावर संगणकावरील खेळाचा दाखला पाहून कोणी कपाळाला आठ्या घालतील. परंतु प्रभूने जाळ्याचा, खमिराचा, हरवलेल्या नाण्याचा दाखला घेतला. मग आपल्या मुलांच्या हाती जे आहे त्यातून आपण का घेऊ नये?

‘मेडिव्हल २ : टोटल वॉर’ हा खेळ क्रिएटिव्ह असेंब्ली या कंपनीच्या ऑस्ट्रेलियातील शाखेने २००६ साली तयार केला. त्यात मध्ययुगीन युरोपातील राज्ये आहेत, वेढे आहेत, लढाया आहेत. खेळणारा सेनापतीला हुकूम देतो, पण त्याचा स्वभाव त्याला निवडून देता येत नाही. तो कृत्यांतून घडतो. लढाई जिंकल्यावर कैद्यांना सोडावे, खंडणी मागावी, की ठार करावे? सोडणाऱ्याचे औदार्य वाढते, मारणाऱ्याची दहशत वाढते. जो सेनापती गुत्ते आणि वेश्यागृहे असलेल्या शहरात तळ ठोकून राहतो, त्याला व्यसने जडू शकतात.

विशेष हे की यातले काहीच लगेच दिसत नाही. गुण आतल्या आत साठत जातात आणि ठराविक संख्या भरली म्हणजेच त्या स्वभावाचे नाव पडद्यावर उमटते. उलट वागले तर आधीचा साठा प्रथम झिजतो, मगच नवा जमू लागतो. शिवाय या खेळाच्या नियमांत एखाद्या स्वभावाला अशी पायरी ठेवता येते, की ती ओलांडल्यावर उलट वागूनही मागे फिरणे नाही. फारोची आठवण होते. तो वारंवार आपले मन कठीण करीत गेला, आणि फोडांच्या पीडेपर्यंत येता परमेश्वरानेच ते कठीण केले असे निर्गमात लिहिले आहे.

आता दावीदाकडे पाहा. राजे लढाईवर निघतात तो समय होता. त्याने यवाबाला राब्बाच्या वेढ्यावर पाठविले आणि आपण यरुशलेमेत राहिला. आपण बथशेबेपासून गोष्ट सुरू करतो, पण शास्त्र ती घरी राहण्यापासून सुरू करते. संडेस्कूलच्या शिक्षकांनी हे पहिले वचन घाईने ओलांडू नये.

शोमरोनात अरामी सैन्य हाती सापडले तेव्हा राजा त्यांना मारू का असे विचारीत होता. अलीशाने त्यांना जेवू घालून परत पाठविण्यास सांगितले. अरामी टोळ्यांच्या धाडी थांबल्या.

एक गोष्ट मात्र मला त्या खेळात खटकते. तेथे दहशतीचाही लाभ होतो. निर्दय सेनापतीसमोर शत्रूचे धैर्य खचते, म्हणून तोही सुखाने जिंकतो. जगाचा हिशेब असाच चालतो हे खरे, परंतु मुलांना ते कोणीतरी समजावून सांगावयास हवे. नुसता खेळ बंद करून ते समजत नाही.

दुसरी उणीव याहून मोठी आहे. त्या नियमांत क्षमेला जागा नाही, तेथे साठा झिजवूनच कमी करावा लागतो. प्रभूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेल्या अपराध्याचा साठा आयुष्यभराचा होता आणि तो झिजविण्यास त्याच्याजवळ वेळ उरला नव्हता. कोणाला सोडण्यास, कोणाचे काही परत करण्यास त्याचे हात मोकळे नव्हते. त्याने फक्त आपली आठवण ठेवण्याची विनंती केली, आणि त्याच दिवशी सुखलोकात प्रभूबरोबर असण्याचे वचन त्याला मिळाले.