शेवटच्या बाकावरचे सर

परीक्षा संपून कॅप, म्हणजे उत्तरपत्रिकांची एकत्र तपासणी, सुरू झालं, की आमच्या विषयाचे जिल्हाभरातले शिक्षक एका खोलीत बसतात. कुणी पंढरपूरचं, कुणी बार्शीचं, कुणी अक्कलकोटचं. २००४ साली सोलापूरला एका जिल्ह्यापुरतं विद्यापीठ झालं, त्यामुळे आम्ही सगळे एकमेकांपासून एसटीच्या अंतरावर. तरी एरवी गाठ पडत नाही.

अर्थशास्त्रात मागणीचा ‘विस्तार’ आणि मागणीतली ‘वृद्धी’ या दोन वेगळ्या गोष्टी. भाव उतरला म्हणून चादरी जास्त खपल्या, तर तो विस्तार. भाव तोच, पण थंडी पडली म्हणून जास्त खपल्या, तर ती वृद्धी. एका वर्षी माझ्या गठ्ठ्यात पेपरामागून पेपर हीच गल्लत. शेजारच्या सरांच्या गठ्ठ्यातही तीच. इतकी मुलं एकाच जागी अडखळतात, तर खड्डा आमच्या शिकवण्यात असणार. चहाला उठलो तेव्हा मी विचारलं, “सर, तुम्ही हे शिकवता कसं?” वीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मी कुणाला विचारलाच नव्हता.

आम्ही लिहिलेला शोधनिबंध छापण्याआधी चार जण तपासतात. वर्गात काय बोललो ते मात्र एकाही सहकाऱ्याच्या कानावर पडत नाही. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९९३ मध्ये यावरच लिहिलं होतं: संशोधन एकट्याचं आणि अध्यापन चारचौघांतलं असेल असं त्यांना आधी वाटायचं, प्रत्यक्षात उलटंच निघालं.

ते सर म्हणाले, “तासालाच येऊन बसतो की.” आले, आणि शेवटच्या बाकावर बसले. तास संपल्यावर स्टाफरूममध्ये काही बोलले नाहीत; जिन्यात थांबून म्हणाले, “मॅडम, तुम्ही सात प्रश्न विचारलेत. पाचांची उत्तरं तुम्हीच देऊन टाकलीत. माझ्यापुढच्या बाकावरच्या मुलीला उत्तर येत होतं, शेजारणीला तेलुगूत सांगत होती. मराठीत जुळवेपर्यंत तुम्ही पुढे गेलात.”

ती मुलगी शहराच्या तेलुगूभाषक पूर्वभागातली, सरांचं घरही तिथलंच. मला तेलुगू येत नाही. मी तिला दोन वर्षं ‘अबोल’ समजत होते.

मेरी बड रो या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९७०च्या सुमारास शाळांमधल्या तासांचं ध्वनिमुद्रण करून पाहिलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत. तोच थांबा तीन सेकंदांचा केला की उत्तरं लांबत आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलत. हे मी वाचलेलं होतं. वाचून माझ्यात तसूभर फरक पडला नव्हता, जिन्यातल्या त्या दोन मिनिटांनी पडला.

कारण सरांच्या हातात फॉर्म नव्हता. तपासायला कुणी येणार म्हटलं की आपण नटून-सजून शिकवतो, ठेवणीतला धडा काढतो. सरांचा शेरा माझ्या बढतीच्या फायलीत जाणार नव्हता, म्हणून मला नेहमीसारखं चुकता आलं आणि त्यांना ते सांगता आलं. या तासांना बढतीचे गुण लावा अशी सूचना कुणी केली, तर मी पहिली विरोध करीन. हवा आहे तो वेळ. तासिका तत्त्वावर शिकवणारी तरुण मंडळी एक तास संपवून दुसऱ्या कॉलेजकडे धावतात, पैसे घेतलेल्या तासांचेच मिळतात. त्यांनी दुसऱ्याच्या वर्गात कोणत्या पोटावर बसायचं? सगळ्यात जास्त सोबत लागते ती त्यांनाच.

पुढच्या तासाला मी थंडीतल्या चादरींचा प्रश्न टाकला आणि मनात मोजू लागले. एक, दोन, तीन. वर्गातली शांतता अंगावर येते. चौथ्याला ती उभी राहिली, “भाव बदलला नाय ना मॅडम, मग वृद्धी.”

मंगळवारी मी सरांच्या तासाला गेले. त्यांच्या फळ्याची खालची दोन वीत मागच्या बाकांवरून दिसत नाहीत. तेही जिन्यातच सांगितलं.